उत्तरपत्रिकेतली कोरी जागा

माझी मुलगी चौथीत असताना, २०२२ च्या जुलै महिन्यातील पालकसभेत, तिच्या वर्गशिक्षिकांनी मला तिची गणिताच्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका दाखवली. वीसपैकी अकरा गुण होते आणि गुणांबद्दल माझी तक्रार नव्हती. मी स्वतः एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात माझी अठरा वर्षे गेली आहेत, त्यामुळे अकराचे पंधरा कसे होतात हे मला ठाऊक आहे. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. त्या उत्तरपत्रिकेत चुकलेले उत्तर एकही नव्हते. तिने जी उदाहरणे सोडवली होती ती सगळी बरोबर होती, आणि उरलेल्या उदाहरणांसमोर पूर्ण कोरी जागा होती. खोडल्याची खूण नाही, पेन्सिलीची एक रेघही नाही. बाई म्हणाल्या, ‘‘तिला येतं हो, पण खात्री असल्याशिवाय ती हातच लावत नाही. ‘समजलं का?’ असं विचारलं की मान हलवते, आणि समजलेलं नसतं.’’

दुसरी आणि तिसरी ही तिची दोन्ही वर्षे करोनाच्या काळात बहुतांशी मोबाइलच्या पडद्यासमोर गेली होती. तिथे आवाज बंद ठेवता येत असे, चेहरा लपवता येत असे, आणि उत्तर आले नाही तर शेजारी बसलेली आई हळूच सांगत असे. ती शेजारी बसलेली आई मीच होते. चार मुलांदेखत चुकायचे, कोणी तरी हसायचे, मग बाईंनी समजावून सांगायचे आणि आपण पुन्हा करून पाहायचे, हा जो प्राथमिक शाळेतला रोजचा व्यवहार असतो, तो तिच्या वाट्याला ज्या वयात यायला हवा होता त्या वयात आलाच नाही. मी शिक्षिका असूनही हे माझ्या लक्षात यायला ती कोरी जागा दिसावी लागली.

त्या जूनपासून आम्ही तिला घराजवळच्या एका कराटे वर्गात घातलेले होते. त्यामागे फार विचार नव्हता. शेजारच्या दोन मुली जात होत्या आणि संध्याकाळी मुलांनी घराबाहेर पडावे एवढीच आमची इच्छा होती. एका सभागृहात पन्नास-साठ मुले ओळीने उभी राहत, समोरून आकडे मोजले जात आणि मुले हात-पाय हलवत. तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा झाली, शुल्क भरलेल्या प्रत्येक मुलाला पिवळा पट्टा आणि प्रमाणपत्र मिळाले, फोटो काढले गेले. घरी येताना ती गप्प होती. रात्री झोपताना म्हणाली, ‘‘आई, मी मधेच विसरले होते. नुसती उभी होते. तरी मला पट्टा दिला.’’ तिला आनंद झाला नव्हता, आणि का झाला नव्हता हे तिला नेमके कळले होते. हा दोष कराटे या विद्येचा नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. जपानच्या ओकिनावा बेटावर अंको इतोसु या कराटे शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे प्राथमिक शाळेत नेले ते मुलांची शरीरे आणि सवयी घडाव्यात म्हणूनच, आणि आजही निष्ठेने शिकवणारे शिक्षक आहेत. परंतु चुकले काय आणि बरोबर आले काय, दोन्हींचा निकाल एकच लागतो असे जिथे मुलाला दिसते, तिथे ते मूल काही शिकत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. सारायेव्हो येथील जागतिक कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या, ज्युदो स्पर्धेत मणिपूरच्या लिंथोई चनंबम या मुलीने ५७ किलो वजनी गटात सुवर्णपदक मिळवले होते, आणि जागतिक ज्युदो स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिलेच सुवर्ण होते. त्या लढतीची चित्रफीत मुलीने मोबाइलवर कितीतरी वेळा पाहिली. जिंकण्यापेक्षा तिला त्यातले पडणे आवडले असावे, कारण ती सारखी एकच प्रश्न विचारत होती, ‘‘एवढ्या जोरात पडून लागत कसं नाही?’’ मला उत्तर देता येईना. नाशिकमध्ये चौकशी केली तेव्हा पंचवटीतील एका जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर ज्युदोचा वर्ग चालतो असे कळले, आणि दसऱ्याच्या दिवशी सरस्वतीपूजन झाल्यावर आम्ही तिचे नाव तिथे घातले.

खोली मोठी नव्हती. जमिनीवर निळ्या-पिवळ्या गाद्या एकमेकींना घट्ट लावून बसवलेल्या होत्या आणि गादीच्या कडेला चपला एका ओळीत, टाचा आत आणि बोटे बाहेर अशा लावलेल्या होत्या. मुले जेमतेम अठरा. सरांनी पहिल्या दिवशी तिला काहीही शिकवले नाही. फक्त नखे पाहिली, पाय धुऊन यायला सांगितले, केसातली धातूची पिन काढायला लावली आणि गादीवर पाऊल ठेवण्याआधी वाकून नमस्कार कसा करायचा ते दाखवले. मग मला म्हणाले, ‘‘पहिला आठवडा तुम्ही बसा, सगळं बघा. त्यानंतर मात्र खाली थांबायचं. आई समोर असली की मूल आईकडे बघत पडतं.’’ हे वाक्य मला तेव्हा थोडे लागले होते.

पुढचा दीड महिना तिने फक्त पडण्याचा सराव केला. ज्युदोमध्ये याला उकेमी म्हणतात आणि कोणतीही फेक शिकण्याआधी हे शिकावे लागते. आधी पाठीवर निजून, मग उकिडवे बसून, मग उभ्याने. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे पाहायचे, म्हणजे डोके मागे जाऊन आपटत नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून गादीवर जोराने आपटायचे, म्हणजे पडण्याचा जोर पसरला जातो. आणि श्वास रोखून धरायचा नाही. नंतर डाव्या-उजव्या कुशीवर पडणे, मग पुढे पडणे, मग खांद्यावरून गोल घेऊन उठणे. त्या खोलीत प्रत्येक पडण्याचा आवाज येई आणि प्रत्येक आवाजानंतर सरांचा एकच शब्द येई, ‘‘पुन्हा.’’ त्यात रागही नसे आणि शाबासकीही नसे. बरोबर पडलेल्यालाही ‘पुन्हा’ आणि चुकीचे पडलेल्यालाही ‘पुन्हा’. फरक एवढाच की चुकलेल्याला तो शब्द ऐकवण्याआधी सर काय बदलायचे ते एका वाक्यात सांगत. आमच्या घरात आणि माझ्या वर्गात ‘पुन्हा’ हा शब्द शिक्षेचा होता. ‘पुन्हा लिही’, ‘पुन्हा कर’, असे आम्ही म्हणतो तेव्हा त्यात ‘तुझे चुकले’ हेच आधी ऐकू येते. इथे तो शब्द घड्याळाच्या टिकटिकीसारखा होता.

माझ्या सासूबाईंचा या सगळ्याला विरोध होता. हाडे मोडतील, पोर अंगाने लहान आहे, असे त्या रोज म्हणत. एका रविवारी मुलीने त्यांना पलंगावर बसवले, खोलीत दोन गोधड्या एकावर एक अंथरल्या आणि उकिडवे बसून मागे पडून दाखवले. सासूबाईंनी तीन-चार वेळा पाहिले आणि मग म्हणाल्या, ‘‘मान कशी धरलीस ते दाखव.’’ तिने दाखवले. नंतर त्यांनी स्वतः बसल्या बसल्या हनुवटी छातीला लावून पाहिली. विरोध त्या दिवसापासून मावळला असे नाही, पण मुलगी वर्गाहून आली की त्या पहिला प्रश्न ‘लागलं का?’ ऐवजी ‘आज काय केलं?’ असा विचारू लागल्या.

फेक शिकायला सुरुवात झाली ती ओ-गोशीपासून, म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन टाकण्यापासून. ज्युदोतला जो भाग मला बाहेरून कधीच समजला नसता तो इथे दिसला. सरावात दोघांपैकी एक जण फेकणारा असतो, त्याला तोरी म्हणतात, आणि दुसरा स्वतःला फेकू देणारा असतो, तो उके. दहा वेळा एकाने करायचे, मग दहा वेळा दुसऱ्याने. याचा अर्थ वर्गातला निम्मा वेळ प्रत्येक मूल स्वतः काही जिंकत नसते. ते आपले शरीर दुसऱ्याच्या शिकण्यासाठी देत असते. उकेने अंग ताठ धरले तर समोरच्याला फेक जमत नाही, आणि त्याने आधीच स्वतःहून लोळण घेतली तर समोरच्याला खोटेच वाटते की जमले. दोन्ही चुकांबद्दल सर उकेला बोलत. माझ्या मुलीला दुसऱ्याच्या चुका इतक्या जवळून पाहण्याची संधी पूर्वी कधी मिळालेली नव्हती. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि तिच्या मते ‘सगळं येणारा’ असा एक मुलगा डावे पाऊल दर वेळी चुकीचे टाकत असे, आणि दहा वेळा चुकत चुकत अकराव्या वेळी बरोबर टाकत असे. ती मात्र दहाही वेळा त्याच्याबरोबर गादीवर पडलेली असे. घरी येऊन तिने मला हे मोठ्या आश्चर्याने सांगितले. इतरही चुकतात हे तिला ऐकून माहीत होते, परंतु चुकणाऱ्याच्या हाताची पकड स्वतःच्या बाहीवर जाणवणे ही गोष्ट निराळी.

त्यानंतर जमिनीवरची पकड आली. केसा-गातामे या पकडीत एक जण दुसऱ्याच्या छातीवर बाजूने भार देऊन, त्याची मान आणि हात धरून त्याला पाठीवर दाबून ठेवतो. स्पर्धेत वीस सेकंद असे दाबून ठेवले की लढत संपते. ही पकड शिकवण्याच्या आधी सरांनी पूर्ण एक तास फक्त टॅप शिकवला. दुखले, गुदमरले, घाबरायला झाले किंवा नुसतेच नको वाटले, तरी हाताने गादीवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची, आणि थाप पडताक्षणी समोरच्याने सोडलेच पाहिजे. कारण विचारायचे नाही, हसायचे नाही, ‘एवढ्यात?’ असे म्हणायचे नाही. एका मुलाने थाप पडल्यावरही दोन सेकंद पकड सोडली नाही तेव्हा सरांनी त्याला त्या दिवशी पुढचा सराव करू दिला नाही. तो भिंतीशी बसून राहिला. आवाज न चढवता दिलेली ती एकच शिक्षा मी त्या वर्गात ऐकली.

मुलीने पहिल्या आठवड्यात एकदाही टॅप केला नाही. तिला दाबले की ती ओठ आवळून, चेहरा लाल होईपर्यंत पडून राही. वर्गात मान हलवणारी आणि उत्तरपत्रिका कोरी ठेवणारी मुलगी ती हीच, हे मला तिने तसे सांगितल्यावर दिसले. मोठ्या मुलींना शिकवणारी एक महाविद्यालयीन ताई तिथे होती, तपकिरी पट्ट्याची. तिने मुलीला बाजूला घेऊन सांगितले की तू थाप मारली नाहीस तर मला कळणारच नाही की केव्हा सोडायचे, आणि मग मी तुझ्याबरोबर घाबरत घाबरत सराव करीन. म्हणजे थाप मारणे हे समोरच्यावरही उपकार आहेत. मला वाटते, तिला हे पटले. स्वतःसाठी थांबा म्हणणे तिला जमत नव्हते, पण समोरच्याला नीट शिकता यावे म्हणून थांबा म्हणणे जमले.

वर्गाच्या शेवटी पाच-सात मिनिटे सर मुलांना ओळीत बसवून प्रश्न विचारायला सांगत. ही त्यांची स्वतःची कल्पना असावी असे मला वाटले होते, पण ती ज्युदोइतकीच जुनी आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. १८६० मध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणी अंगाने किरकोळ होता आणि शाळेत दांडगट मुलांचा मार खात असे, म्हणून तो जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येकडे वळला. १८८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, तोक्योतील एइशो-जी या मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत त्याने आपली शाळा सुरू केली, आणि पुढे शिक्षक घडवणाऱ्या तोक्यो उच्च नॉर्मल शाळेचे मुख्याध्यापकपद दीर्घ काळ सांभाळले. कानोंनी ज्युदो शिकवण्याचे मार्ग चार मानले होते: काता म्हणजे ठरलेल्या क्रमाचा सराव, रांदोरी म्हणजे मोकळी झुंज, व्याख्यान, आणि मोंदो म्हणजे प्रश्नोत्तरे. झुंजीइतकेच प्रश्न विचारणे हाही या विद्येचा एक मार्ग आहे, हे वाचल्यावर मला सरांचा तो शेवटचा वेळ वेगळा दिसू लागला. हात वर करून प्रश्न विचारायचा, तो कितीही साधा असला तरी कोणी हसायचे नाही, आणि सरांना उत्तर ठाऊक नसेल तर तेही ‘उद्या सांगतो’ म्हणत आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगत.

आपल्याकडेही हे अगदी परके नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावून घेतले होते, आणि तिथे मुलांबरोबर मुलींनाही ज्युदो शिकवला गेला. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन शांतिनिकेतनात ज्युदो शिकल्या होत्या. कविता, चित्रकला आणि संगीत यांच्या शेजारी एका शिक्षणविचारकाने हीही विद्या ठेवली होती, याचा मला फार आधार वाटला, कारण आमच्या शिक्षक-कक्षात ‘गणिताच्या बाईंची मुलगी कुस्ती खेळते’ अशा आश्चर्याच्या चर्चा तेव्हा सुरू झाल्या होत्या.

मुलीने पहिला प्रश्न विचारायला नोव्हेंबरअखेर उजाडली. मी खाली जिन्यात थांबलेली होते, पण तो प्रश्न तिने मला नंतर शब्दशः सांगितला. ‘‘सर, टॅप केला म्हणजे आपण हरलो का?’’ सर म्हणाले होते, ‘‘स्पर्धेत हो. सरावात नाही. सरावात टॅप म्हणजे उद्याही सरावाला येता यावं, याची सोय.’’

शाळेत फरक दिसायला यानंतरही बराच काळ गेला. ‘आमच्या वर्गाने मुलांची एकाग्रता वाढते, गुण वाढतात’ असे फलक चौकाचौकात लागलेले असतात, आणि पालकांची समजूत अशी होते की तीन महिन्यांत निकालपत्रकावर आकडे बदलतील. आमच्याकडे पहिल्या सत्राच्या परीक्षेत गणिताचे गुण जुलैइतकेच होते. परंतु दुसऱ्या सत्राची उत्तरपत्रिका हाती आली तेव्हा मी ती बराच वेळ पाहत बसले. त्यात खोडलेले होते. एका शाब्दिक उदाहरणात तिने आधी बेरीज केली होती, ती काट मारून वजाबाकी केली होती, आणि उत्तर तरीही चुकले होते. एका अपूर्णांकाच्या उदाहरणात पहिल्या दोन पायऱ्या बरोबर होत्या आणि तिसरी नव्हती. कोरी जागा एकच उरली होती. गुण दोन-तीनांनीच वाढले होते, पण गणिताच्या शिक्षकाला चुकलेल्या पायऱ्यांमधून मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते वाचता येते. कोऱ्या जागेतून काहीच वाचता येत नाही. ती कुठे अडते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले आणि आम्ही सुट्टीत अपूर्णांकांचा छेद समान करण्यावर बसलो. वर्गशिक्षिकांनीही सांगितले की ती आता ‘बाई, शेवटचं समजलं नाही’ असे म्हणते. रोज नाही, पण म्हणते.

याखेरीज झालेले बदल चारचौघांना ठाऊक असतात तसेच आहेत: रात्री साडेनऊला झोप, भूक, ताठ बसणे, आठवड्यातून तीन दिवस सहा वाजता दप्तर आवरून तयार राहणे. त्यांचे महत्त्व कमी नाही. संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडी ते पाचवीपर्यंतच्या दोनशेहून अधिक मुलांपैकी काहींना तीन महिने शाळेतच तायक्वांदो शिकवले आणि बाकीच्यांचा नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास ठेवला, तेव्हा तायक्वांदोच्या मुलांमध्ये आत्मसंयम, वर्गातले वर्तन आणि तोंडी हिशेब यांत अधिक सुधारणा आढळली. तिथेही शिकवण्यात आदर, थांबून स्वतःकडे पाहणे आणि शिस्त यांना मध्यवर्ती जागा होती. नुसत्या लाथा-ठोशांनी हे घडेल असे मला वाटत नाही.

धोक्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण पालक म्हणून ते मी शोधले होते. जपानमध्ये २०१२ पासून माध्यमिक शाळांत पारंपरिक युद्धकलांचे शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा तिथेच मोठा वाद झाला होता. त्याआधीच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधील ज्युदोत शंभरहून अधिक मुलांचे मृत्यू झाले होते, आणि त्यांत डोक्याच्या दुखापती मोठ्या प्रमाणात होत्या. हे वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सरांना सरळ विचारले. ते रागावले नाहीत. मागे पाय अडकवून टाकण्याची ओ-सोतो-गारी ही फेक ते नवख्या मुलांना कित्येक महिने का देत नाहीत, वजनात फरक असलेल्या मुलांची मोकळी झुंज का लावत नाहीत, मान दाबण्याचे आणि कोपर मोडण्याचे डाव लहान मुलांना का शिकवत नाहीत, आणि डोके थोडेही आपटले तर मुलाला त्या आठवड्यात गादीवर का घेत नाहीत, हे त्यांनी एकेक करून सांगितले. नवा वर्ग शोधणाऱ्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की हा प्रश्न विचारा, आणि उत्तर देताना शिक्षकाचा चेहरा पाहा. आमच्याकडे पहिल्या दीड वर्षात एकदा करंगळी मुरगळली, ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून आठ दिवस सराव थांबवला, आणि तेवढ्यावर निभावले.

पाचवीत असताना ती एका स्थानिक स्पर्धेत उतरली. पहिल्याच लढतीत चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत समोरच्या मुलीने तिला खाली घेतले आणि वीस सेकंद दाबून ठेवले. ती उठली, वाकून नमस्कार केला, बाहेर आली आणि माझ्या मांडीवर डोके ठेवून रडली. यात मला वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. वाईट वाटले ते शेजारच्या गादीपाशी. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हरून बाहेर आला तेव्हा त्याचे वडील सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, ‘‘यासाठी पैसे भरले का?’’ त्या मुलाने जिन्याकडे तोंड फिरवले आणि तो पट्टा सोडू लागला. त्याच्या हातांना गाठ सुटेना. जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद करण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. पालक आणि प्रशिक्षक जिंकण्याच्या मागे इतके लागले होते की मुलांच्या वाढीला ते मारक ठरू लागले होते. ज्या देशात ही विद्या जन्मली त्या देशाला असे वाटले, तर आपण पदकांच्या आणि खेळाच्या वाढीव गुणांच्या हिशेबाने दहा वर्षांच्या मुलांना गादीवर उतरवताना थांबून विचार करायलाच हवा. मुलीने त्यानंतर वर्षभर स्पर्धेत भाग घेतला नाही, सराव मात्र सोडला नाही. तो निर्णय तिचा होता.

त्याच वर्षी पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. दिवाळीनंतर शाळेने जादा तास सुरू केले, आणि परीक्षेपर्यंत ज्युदो बंद ठेवावा असे बहुतेक सगळ्यांनी सुचवले. घरातही तोच सूर होता, आणि खरे सांगायचे तर माझाही. मी तिला विचारले तेव्हा तिने तीनऐवजी दोन दिवस जाण्याची तडजोड सुचवली आणि शनिवारचा दिवस स्वतःहून सोडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली. ती शिष्यवृत्तीधारक ठरली नाही. पात्र ठरली. निकालाच्या दिवशी ती कोणती उदाहरणे चुकली हे आठवून आठवून कागदावर लिहीत बसली होती, आणि त्यांतली दोन मला विचारायला आली. जुलै २०२२ मधल्या मुलीने तो कागद हातीही घेतला नसता.

आता ती सातवीत आहे, पट्टा हिरवा आहे, आणि आठवड्यातून एक दिवस ती नव्या मुलांना चपला लावायला, पट्ट्याची गाठ मारायला आणि हनुवटी छातीला लावायला शिकवते. गेल्या जूनमध्ये एकदा जेवताना तिने मला विचारले, ‘‘आई, तुझ्या वर्गात फळ्यावर कोणाचं चुकलं, तर तू काय करतेस?’’ मी सांगितले की त्याला जागेवर बसवते आणि दुसऱ्याला बोलावते, वेळ वाचतो. ती म्हणाली, ‘‘मग ज्याचं चुकलं त्याने पुन्हा केव्हा करायचं?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. अठरा-एकोणीस वर्षे मी हेच करत आले होते; चुकलेल्या मुलाला त्याच्या चुकीसकट जागेवर पाठवत होते आणि दुसऱ्याकडून बरोबर उत्तर वदवून घेत होते. त्या आठवड्यापासून मी नववीच्या वर्गात पद्धत बदलली. फळ्यावर ज्याचे चुकेल त्याला एका वाक्यात कुठे पाहायचे ते सांगायचे आणि त्यानेच पुन्हा करायचे, वर्गाने थांबायचे. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, तो शनिवारी भरून काढते. दुसरी गोष्ट मुलीनेच सुचवली: ज्याला समजले नाही त्याने हात वर करायचा नाही, तोंडाने बोलायचे नाही, फक्त बाकावर दोनदा टकटक करायची, आणि बाईंनी कोण ते न पाहता थांबायचे.

पहिले नऊ-दहा दिवस कोणीही वाजवले नाही. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत होते आणि माझे कान मागे होते. वर्गबहुपदीचे अवयव पाडताना, मधल्या पदाचे दोन भाग करण्याच्या पायरीवर, मागच्या कोणत्या तरी बाकावरून खूप हळू, जेमतेम ऐकू येईल अशी टकटक आली. आणि ती विरायच्या आत खिडकीकडच्या बाजूने दुसरी आली. मी वळले नाही. पहिली ओळ सोडून बाकीचे सगळे पुसले आणि पुन्हा लिहायला लागले.